दहांत एक

फॉर्मच्या मागच्या पानावर एक माणूस छापलेला आहे,
एकदा समोरून, एकदा पाठमोरा.
त्याला डोळे नाहीत, केस नाहीत, आडनाव नाही.
मी विचारायचं, कुठे दुखतं,
आणि निळी पेन्सिल पुढे करायची.

डिचोलीहून आत, मयेच्या अंगाला,
चौऱ्याऐंशी घरं माझ्या वाट्याची.
नियम एवढाच :
कमरेच्या वर आणि खाली, डावीकडे आणि उजवीकडे,
शिवाय कण्यात,
आणि तीन महिने उलटलेले हवेत.
प्रशिक्षणाच्या दिवशी, चहाच्या आधी,
मॅडम म्हणाल्या, साधारण दहांत एक निघेल.
आम्ही वह्यांत उतरवून घेतलं.
खोलीत आम्ही वीस जणी होतो.

श्याबा च्यारीनं पेन्सिल घेतली, टोक पाहिलं
आणि सवयीनं कानामागे खोचली.
म्हणाला, रंधा मारताना नाही दुखत.
थांबलो, की सुरू होतं.
मग लाकूड तपासावं तसं
स्वतःच्या मांडीवर बोटानं ठोकून दाखवलं,
इथे. इथे. हा आवाज वेगळा आहे बघ.

इनासिना बायनं बल्कांवावर बसून
त्या माणसाला आधी झगा काढून दिला,
गुडघ्याखाली येणारा, बाह्यांना चुण्या.
नागड्याला काय दाखवायचं, म्हणाली.
मग झग्यावरूनच रंगवत गेली,
मान, खांदे, दोन्ही कुल्ले, पोटऱ्या, टाचा.
अंग आंबलंय गो, सान्नांच्या पिठासारखं,
फक्त वाफेवर कोणी ठेवत नाही.
बांबोळीला तीनदा फोटो काढले.
फोटोत काही येत नाही.
फोटोत मी बरी दिसते म्हणतात.

फॉर्मला एकच शब्द माहीत आहे, वेदना.
तो शब्द ह्या वाड्यावर कोणीच वापरला नाही.
इथे कळ होती, शिणक होती, ठणका होता,
एकीच्या पाठीत मुंग्यांचं वारूळ होतं,
आणि वायंगणकरांच्या सुनेनं विचारलं,
झोपून उठल्यावर न झोपल्यासारखं वाटतं
ते ह्यात कुठे रंगवायचं?
मला सांगता आलं नाही.
तिनं आकृतीच्या बाहेर, कागदाच्या कडेला,
थोडं रंगवून ठेवलं.

सुशांत गावस, वय चौतीस.
खाण चालू होती तेव्हा ट्रक होता.
ट्रक अजून आहे, परसात,
स्टेअरिंगवरून दोडकी चढलेली.
आई मध्येच म्हणाली, त्याला काय धाड भरलीय,
काम नाही म्हणून दुखतं.
तो हसला. काही नाही, म्हणाला. कोरा घ्या.
मी कोरा घेतला.
वळणावरच्या फणसापर्यंत आले
तेव्हा मागून चपला वाजल्या.
माझ्या स्कूटरच्या सीटवर कागद पसरून,
एक शब्द न बोलता,
त्यानं इतकं दाबून रंगवलं
की उजव्या खांद्याशी कागद फाटला.

सुपरवायझर म्हणाले, फाटका फॉर्म बाद.
मी मागून चिकटपट्टी लावली.
आता तो भरतो. दोनशे सहा माणसांत तेविसावा.

परतीच्या कदंबमध्ये बेचाळीस सीटा.
म्हणजे चार.
मी चेहऱ्यांवर शोधत बसते,
दांड्याला पाठ टेकलेला कंडक्टर,
पिशवी ह्या हातातून त्या हातात घेणारी बाई,
उतरताना पायरीवर क्षणभर थांबणारा तरुण.
पण पिशवी जड असते म्हणूनही माणसं हात बदलतात.
बरं नसलेल्यांनीच बसायला जागा दिलेलीही मी पाहिली आहे.

रात्री गठ्ठा बांधताना
उशी कंबरेमागे सरकवते
आणि पुन्हा ती खोली आठवते,
वह्या, पंखा, वड्यांचा वास,
वीस जणी, सरळ बसलेल्या.

दुसरी कोण होती, ह्याचा अजून विचार करते.